बदलीत गणित-विज्ञान तुटू नये म्हणून: फौजी घरांसाठी कामाची पद्धत

सैन्यातल्या आई-वडिलांचे मूल गणितात मागे पडले की दोष एकतर मुलाच्या डोक्याला दिला जातो, नाहीतर नव्या शाळेला. खरे कारण बहुतेक वेळा फार साधे असते. जुन्या शाळेत अपूर्णांकांचा धडा सत्राच्या शेवटी होणार होता, नव्या शाळेत तो सुरुवातीलाच उरकला होता आणि बदली नेमकी मध्ये आली. दोन्ही शाळांनी आपले काम चोख केले, तरी मुलाला तो धडा कोणीच शिकवला नाही. त्या वर्षी याचा पत्ताही लागत नाही. दोन वर्षांनी बीजगणितात समीकरण सुटेनासे होते, आणि तोवर ती बदली कोणाच्या लक्षातही नसते.

बदलीमुळे तीन वेगवेगळ्या गोष्टी बिघडतात. एखादा भाग पूर्ण सुटतो. एखादा भाग दोनदा, क्वचित तीनदा शिकावा लागतो. किंवा भाग तोच राहतो, पण मांडणीची पद्धत, चिन्हे, शिकवण्याची भाषा बदलते आणि येत असलेले गणितही चुकू लागते. या तिन्हींवरचे उपाय निराळे आहेत. सरसकट शिकवणी लावली तर तिन्हींवर एकच औषध दिल्यासारखे होते आणि वेळ बहुधा नको तिथे जातो.

निघण्यापूर्वी: प्रगतिपुस्तकापेक्षा अनुक्रमणिका महत्त्वाची

प्रगतिपुस्तकातल्या ७२ गुणांवरून नव्या शिक्षकांना काहीच कळत नाही. त्यांना हवे असते ते हे: कोणते धडे झाले, किती खोलवर झाले, आणि मूल कुठे अडखळते. म्हणून बदलीचा आदेश हातात पडताच पहिले काम करायचे ते गणित आणि विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांच्या अनुक्रमणिकांचे फोटो काढण्याचे. त्यांवर मुलाला शेजारी बसवून खुणा करा. शिकवून सराव झालेल्या धड्याला बरोबरची खूण, घाईत उरकलेल्याला अर्धी खूण, न झालेल्याला फुली. मुखपृष्ठ आणि आवृत्तीचे वर्ष दिसेल असाही एक फोटो हवा. पुस्तक शाळेचे असेल तर ते परत जाते आणि पुढे ‘कोणते पुस्तक होते’ हेच आठवत नाही.

सोबत शेवटच्या दोन चाचण्यांच्या तपासलेल्या उत्तरपत्रिका, गणिताची चालू वही, विज्ञानाची प्रयोगवही आणि गणिताच्या शिक्षकांकडून अर्ध्या पानाची नोंद घ्या. शिक्षकांना मोकळे पत्र लिहायला सांगितले तर ‘अभ्यासू व आज्ञाधारक’ एवढेच हाती येते. त्याऐवजी तीन प्रश्न लिहून द्या: शेवटचा धडा कोणता झाला, याला कोणत्या प्रकारची उदाहरणे जमत नाहीत, आणि वर्गात हा कोणत्या गटात बसला असता, सरासरीच्या वर, सरासरी की खाली? वरच्या इयत्तांत प्रात्यक्षिकांना गुण असतात, त्यामुळे प्रयोगवहीवर शिक्षकांची सही आणि शाळेचा शिक्का निघण्याआधीच घ्या. नंतर टपालाने शिक्का मिळवण्याइतके कटकटीचे काम दुसरे नाही.

ही फाइल हातातल्या बॅगेत ठेवा. ट्रकमधल्या खोक्यांत गेली तर ती पडद्यांच्या खालून दीड महिन्याने निघते, आणि तोवर शाळेने मुलाला कुठल्या तरी गटात टाकलेले असते.

या कागदांचा उपयोग नियमांशीही जोडलेला आहे. अमेरिकेत लष्करी मुलांसाठी राज्याराज्यांमधला करार २००८ पासून चालू आहे आणि पन्नासही राज्ये त्यात आहेत. त्यानुसार पालकांच्या हातातल्या अनधिकृत प्रतींवर नव्या शाळेने प्रवेश द्यायचा असतो, अधिकृत नोंदी जुन्या शाळेने १० दिवसांत पाठवायच्या असतात, आणि मूल आधी ज्या पातळीच्या विषयवर्गात होते तो वर्ग नव्या शाळेत असेल तर सुरुवातीला त्याच पातळीवर बसवायचे असते. चाचणी घेऊन फेरविचार नंतर. भारतात केंद्रीय विद्यालयांची साखळी १९६३ पासून बदलीच्या नोकरीतल्या घरांसाठीच उभी राहिली. शाळा बदलली तरी अभ्यासक्रम तोच राहावा हा तिचा मूळ हेतू. सेनेच्या शाळा चालवणारी आर्मी वेल्फेअर एज्युकेशन सोसायटी १९८३ची. इंग्लंडमध्ये २०११ पासून सैनिकांच्या मुलांसाठी सरकार शाळेला वेगळा निधी देते, सर्व्हिस प्युपिल प्रीमियम नावाने, आणि तो पालकांच्या नव्हे तर शाळेच्या हाती येतो. म्हणून तिथे शाळेला विचारायचा प्रश्न असा: या निधीतून आमच्या मुलासाठी काय होणार आहे? अभ्यासक्रम एक असला तरी धड्यांचा क्रम आणि वेग शाळेगणिक बदलतो. तेव्हा साखळीतल्या एका शाळेतून दुसरीत जातानाही अनुक्रमणिकेची खूण लागतेच.

गॅप शोधण्याची चाचणी

नव्या ठिकाणी पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यात नको, दुसऱ्या आठवड्यात घ्या. झोप आणि जेवणाच्या वेळा बसल्या नसताना घेतलेल्या चाचणीत थकवाच मोजला जातो. एका बैठकीला २० मिनिटे, अशा दोन बैठका पुरतात. कॅल्क्युलेटर नाही, घड्याळाचा धाक नाही, आणि खोडरबरही नाही. चुकलेले एका रेघेने खोडायचे, कारण खोडलेल्या कामातच मुलाचा विचार दिसतो. हे परीक्षेसाठी नसून पुढे कुठून सुरुवात करायची ते ठरवण्यासाठी आहे, असे मुलाला स्पष्ट सांगा.

खालचे प्रश्न साधारण पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी आहेत. बरोबर उत्तरापेक्षा चुकीचे उत्तर कोणते आले हे पाहायचे.

५२ − १७. उत्तर ४५ आले तर मूल प्रत्येक स्तंभात मोठ्यातून लहान अंक वजा करत आहे. हातचा विसरला असे याला म्हणता येत नाही, स्थानिक किमतीचीच समज कच्ची आहे.

८ + ४ = □ + ५. चौकटीत १२ लिहिले तर ‘बरोबर’च्या चिन्हाचा अर्थ त्याच्या मनात ‘आता उत्तर लिही’ एवढाच आहे. १७ लिहिले तर दिसतील त्या सगळ्या संख्यांची बेरीज केली आहे. बरोबर उत्तर ७. हे न कळता समीकरणे शिकवणे व्यर्थ आहे, आणि हा प्रश्न सातवीतल्या मुलालाही जरूर विचारा.

०.४ आणि ०.३५ यांत मोठी कोणती? त्यापाठोपाठ ०.३ आणि ०.३७. पहिल्यात ०.३५ म्हणणारे मूल दशांश चिन्हानंतरचा भाग पूर्ण संख्येसारखा वाचते. दुसऱ्यात ०.३ म्हणणारे मूल ‘लांब अपूर्णांक तो लहान’ असा स्वतःचा नियम करून बसलेले असते. एकच जोडी दिली तर दोघांपैकी एकाचे उत्तर योगायोगाने बरोबर येते, म्हणून दोन्ही हव्यात.

१/२ + १/३. उत्तर २/५ आले तर लगेच चूक दाखवू नका. विचारा, २/५ हे अर्ध्यापेक्षा मोठे की लहान? अर्ध्यात काहीतरी मिळवून अर्ध्याहून कमी आले, हे ज्याला खटकते त्याला रीत विसरली आहे. ज्याला खटकत नाही त्याच्या लेखी अपूर्णांक ही संख्याच नाही, दोन वेगळ्या संख्या एकीखाली एक लिहिल्या आहेत.

३/४ ÷ १/८, आणि सोबत चित्र काढायला सांगा. रीतीने ६ आले आणि चित्र जमले नाही, हे फार मुलांचे होते. सध्या चालेल, पण नोंद करा.

४ भिंतींना ३ लिटर रंग लागतो, तर तशाच १० भिंतींना किती? ९ हे उत्तर म्हणजे भिंती ६ वाढल्या म्हणून रंगही ६ लिटर वाढवला. गुणोत्तराऐवजी बेरजेने विचार चालू आहे. बरोबर उत्तर साडेसात. विज्ञानातला वेग, घनता, तीव्रता सगळे याच एका समजेवर उभे आहे, म्हणून हा प्रश्न गणिताइतकाच विज्ञानाचाही आहे.

−३ − ५. उत्तर ८ आले तर ‘दोन उणे म्हणजे अधिक’ हे वाक्य गुणाकारातून उचलून इथे चिकटवले आहे.

१०० मध्ये १० टक्के वाढ, मग आलेल्या संख्येत १० टक्के घट. १०० म्हणणाऱ्याला टक्केवारी कशाची, हा प्रश्न पडत नाही. उत्तर ९९.

२(क्ष + ३) = १४. उत्तर साडेपाच आले तर कंसाबाहेरचा २ फक्त क्ष ला लागला, ३ ला नाही. बरोबर उत्तर ४.

चूक झालेल्या प्रकाराची आणखी दोन उदाहरणे लगेच द्या. तीनपैकी दोनदा तीच चूक आली तर समज चुकीची आहे. एकदाच आली तर लक्ष गेले होते, तिच्यामागे वेळ घालवू नका. पालकांची इथे होणारी नेहमीची गफलत म्हणजे मध्येच शिकवायला लागणे. चाचणी संपेपर्यंत तोंड बंद ठेवणे अवघड असते, पण ठेवावे लागते.

कुठून भरायचे

चाचणीत सहा ठिकाणी चुका निघाल्या म्हणजे सहा कामे आहेत असे नसते. क्रम असा धरा: स्थानिक किंमत, पाढे आणि भागाकार, अपूर्णांक, दशांश, गुणोत्तर व टक्केवारी, ऋण संख्या, मग समीकरणे. यादीत सर्वांत आधी जिथे चूक आहे तिथून सुरू करा, कारण पुढच्या निम्म्या चुका तिच्यातून आलेल्या असतात. भूमितीत हा क्रम इतका कडक नाही, ती वेगळी हाताळता येते.

रोज २५ मिनिटे, आठवड्यात पाच दिवस. पहिली ५ मिनिटे मागच्या आठवड्यांतली मिसळलेली उदाहरणे, मधली १२ मिनिटे चालू कच्चा भाग, शेवटची ८ मिनिटे त्याच भागाची उदाहरणे वर्गात चालू असलेल्या धड्याशी जोडून. रविवारी तीन तास बसवण्याने हे साधत नाही. एका भागाला साधारण एक आठवडा, अपूर्णांकांना तीन. एखादा भाग ‘झाला’ असे शिकवल्याच्या दिवशी म्हणू नका. दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, आठवड्याने आणि तीन आठवड्यांनी प्रत्येकी तीन उदाहरणे द्या. तीन आठवड्यांनंतरही जमली तर यादीवर रेघ मारा.

अपूर्णांकांसाठी गोल भाकरीसारखी चित्रे बहुतेक पुस्तकांत असतात, पण त्यांत बेरीज करणे आणि एकाहून मोठा अपूर्णांक दाखवणे अडचणीचे जाते. कागदी पट्ट्या जास्त उपयोगी. जाड कागदाच्या ७ पट्ट्या कापा, प्रत्येक २४ सेमी लांब, ३ सेमी रुंद. २४ घेण्याचे कारण त्याला २, ३, ४, ६, ८ आणि १२ ने भाग जातो. एक पट्टी अखंड ठेवा. बाकीच्या अनुक्रमे १२, ८, ६, ४, ३ आणि २ सेमीच्या तुकड्यांत कापा, म्हणजे अर्धे, तृतीयांश, चतुर्थांश, षष्ठांश, अष्टमांश आणि बारावा भाग तयार होतात. तुकड्यांवर सेमी लिहू नका, मागच्या बाजूला अपूर्णांक लिहा. घड्या घालून भाग करू नका, तृतीयांशाची घडी कधीच सारखी पडत नाही. पट्टीने मोजून रेघ मारा आणि मग कापा.

आता १/२ + १/३ म्हणजे १२ सेमीच्या तुकड्याला ८ सेमीचा जोडायचा. लांबी २० सेमी झाली, पण तिला नाव काय द्यायचे? ४ सेमीचे तुकडे खाली मांडले तर बरोबर पाच बसतात, म्हणून ५/६. तृतीयांश खाली मांडले तर शेवटचा बाहेर जातो. समच्छेद करणे म्हणजे दोघांनाही नेमका बसेल असा तुकडा शोधणे, हे मुलाच्या हाताला कळते. ३/४ ÷ १/८ साठी १८ सेमी लांबीवर ३ सेमीचे तुकडे मोजा, सहा येतात. पाचवे आणि दहावे भाग या संचात बसत नाहीत. त्यांच्यासाठी २० सेमीचा दुसरा संच करा: ४ सेमीचे पाच, २ सेमीचे दहा, ५ सेमीचे चार. दशांशाकडे जाताना हाच संच लागतो. तिथे २ सेमी म्हणजे ०.१ आणि २ मिमी म्हणजे ०.०१, आणि ०.४ विरुद्ध ०.३५ चा निकाल पट्टीवर डोळ्यांनी लागतो. दोन्ही संच एका पाकिटात मावतात, पुढच्या बदलीतही उपयोगी पडतात.

पट्ट्या आठवडाभर वापरल्यावर बाजूला ठेवायच्या आणि संख्यारेषेवर यायचे. तुकड्यांची सवय लागली की मूल मनात काहीच करत नाही.

पद्धत आणि भाषा बदलली तेव्हा

एका देशातून किंवा एका अभ्यासक्रमातून दुसरीकडे गेल्यावर भागाकाराची मांडणी बदलते, वजाबाकीतला हातचा वेगळ्या जागी लिहिला जातो, युरोपातल्या अनेक देशांत दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम असतो, आणि लाख-कोटीच्या ठिकाणी दशलक्ष-अब्ज येतात. अमेरिकेत भर पडते ती इंच, पौंड आणि फॅरेनहाइटची. इथे उत्तर सरळ आहे. वहीत नव्या शाळेची पद्धत लिहायची, जुन्या पद्धतीने कच्च्या कामात पडताळा घ्यायचा. आई-बाबांनी आपल्या शाळेतली तिसरी पद्धत मध्ये आणू नये, ती कितीही सोपी वाटली तरी.

माध्यम बदलले असेल तर शाब्दिक उदाहरणांत मूल अचानक ढासळते. खरी अडचण कुठे आहे ते तपासायला तेच उदाहरण दोन प्रकारे द्या, एकदा शब्दांत आणि एकदा नुसत्या संख्यांत. संख्यांत जमले आणि शब्दांत नाही, तर गणिताची शिकवणी लावू नका. दर आठवड्याला चालू धड्यातले ८ ते १० शब्द एका छोट्या वहीत उतरवा. समोर अर्थ न लिहिता आकृती किंवा उदाहरण काढा. ‘प्रत्येकी’, ‘ने कमी’, ‘च्या तुलनेत’, ‘किमान’ हे शब्द पारिभाषिक शब्दांपेक्षा जास्त घात करतात, ते आधी घ्या.

विज्ञान: धडे सुटले तर चालते, मोजमाप सुटले तर नाही

विज्ञानाचे विषय दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा वर येतात. प्रकाशाचा एक धडा हुकला तर पुढच्या वेळी तो पकडता येतो. पण सतत शाळा बदलणाऱ्या मुलांचे हुकते ते हाताने करणे. एका शाळेत प्रयोगशाळा दुसऱ्या सत्रात उघडते, दुसरीत गट आधीच ठरलेले असतात आणि नवे मूल नोंदी उतरवून घेते. म्हणून घरी एक पेटी असू द्या, बुटांच्या खोक्याएवढी.

तिच्यात ३० सेमीची पट्टी, मोजफीत, अल्कोहोलचा तापमापक (पाऱ्याचा नको, सामानात फुटला तर निस्तरणे कठीण), सुई नसलेली १० मिलीची सिरिंज, १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा, ३ मीटर दोरा, लोखंडी नट, एक भिंग, १.५ व्होल्टचे दोन सेल व त्यांचा होल्डर, मगरचिमट्यांच्या चार वायरी, लाल एलईडी, १००, २२० आणि ४७० ओहमचे रोध आणि साधा मल्टिमीटर (व्होल्ट व प्रवाह मोजणारे उपकरण). बदलीच्या वेळी सेल काढून टाका, गळून होल्डर खातात. घरात लहान भावंड असेल तर बटणसेल आणि छोटे शक्तिशाली चुंबक पेटीत ठेवूच नका, गिळले तर जिवाशी येते.

लोलकाचा प्रयोग सर्वांत आधी करा, कारण त्यात मोजणे, सरासरी, आलेख आणि वर्ग संख्या सगळे येते. नट दोऱ्याला बांधून टेबलाच्या कडेला लटकवा. लांबी टांगलेल्या बिंदूपासून नटाच्या मध्यापर्यंत मोजायची: २५, ५०, ७५ आणि १०० सेमी. टेबल ठेंगणे असेल तर शेवटच्या लांबीसाठी दाराची चौकट वापरा. बाजूला थोडेच, १० अंशांच्या आत ओढून सोडा आणि २० आंदोलनांचा वेळ घ्या (एक आंदोलन म्हणजे पलीकडे जाऊन परत सुरुवातीच्या जागी येणे). एका आंदोलनाचा वेळ साधारण १.००, १.४२, १.७४ आणि २.०१ सेकंद यायला हवा. लांबी चौपट झाली तेव्हा वेळ दुप्पटच झाला, हे मुलाने स्वतः पाहू द्या. आठवी-नववीत वेळेचा वर्ग आणि लांबी यांचा आलेख काढा. लांबी मीटरमध्ये घेतली तर सरळ रेषेचा चढ ४ च्या आसपास येतो आणि ३९.५ ला (म्हणजे ४π² ला) त्या चढाने भागले की गुरुत्व त्वरण मिळते, सुमारे ९.८.

उत्तर १०.९ च्या आसपास आले तर मुलाने सोडताक्षणी ‘एक’ म्हटले आहे. म्हणजे प्रत्यक्षात १९ आंदोलने मोजली गेली. सोडताना ‘शून्य’ म्हणायचे. रेषा आरंभबिंदूतून न जाता बाजूने गेली तर लांबी गाठीपर्यंतच मोजली आहे, नटाच्या मध्यापर्यंत नाही. चूक आलेखात दिसते आणि तिचे कारण शोधता येते, विज्ञान शिकणे बरेचसे याच जागी घडते. त्यामुळे उत्तर चुकले म्हणून प्रयोग पुन्हा करायला लावण्याआधी आलेखासमोर बसवा.

घनतेसाठी सिरिंजने १० मिली पाणी आणि १० मिली खाद्यतेल तोलले तर १ ग्रॅमच्या काट्यावर फरक जेमतेम दिसतो, कारण ९.२ ग्रॅमचे तेल तो ९ दाखवतो. पाच सिरिंजा भरून घ्या: पाणी ५० ग्रॅम, तेल सुमारे ४६. आधी रिकामा पेला ठेवून काटा शून्यावर आणायचा, आणि सिरिंजमधला बुडबुडा टकटक करून वर काढून टाकायचा. लहान मापात चूक मोठी का दिसते, हे यातून कळते.

विजेसाठी ३ व्होल्टला तिन्ही रोध आळीपाळीने जोडून प्रवाह मोजा. सुमारे ३०, १३.६ आणि ६.४ मिलिअँपिअर येतील. सेल जुने असतील तर थोडे कमी. मल्टिमीटर प्रवाहाच्या खुणेवर ठेवून थेट सेलला जोडला की आतला फ्यूज उडतो. हे जवळजवळ प्रत्येक घरात एकदा होते, म्हणून रोध जोडल्याशिवाय सेल बसवायचे नाहीत असा नियम करा. एलईडी नेहमी १०० ओहमच्या रोधातूनच, आणि पेटला नाही तर आधी उलटा करून पाहा.

महिन्याला एक प्रयोग पुरेसा. वहीत प्रश्न, आधीचा अंदाज, तक्ता, आलेख आणि ‘काय बिघडले’ एवढेच लिहा. ही वही नव्या शाळेच्या विज्ञान शिक्षकांना दाखवा. हस्तलिखित आलेख पाहिल्यावर मुलाला गटात नुसते लेखनिक म्हणून बसवण्याची शक्यता कमी होते.

तोच धडा दुसऱ्यांदा आला तर

याकडे घरचे दुर्लक्ष करतात, कारण गुण चांगले येतात. पण हुशार मूल दुसऱ्या वेळी ऐकणे बंद करते आणि धड्याच्या शेवटी आलेला नवा भागही त्याच्या हातून जातो. जुन्या अनुक्रमणिकेची खूण दाखवून शिक्षकांना विचारा की धड्याच्या शेवटच्या संचातली उदाहरणे हा आधी सोडवू शकतो का. जमली तर त्या तासांना त्याला वेगळे काम द्यायला बहुतेक शिक्षक तयार होतात. काम असे असावे: याच धड्यावर पाच उदाहरणे तयार कर, त्यातल्या दोनांत नेहमीची चूक मुद्दाम पेरून ठेव आणि ती कुठे आहे ते लिही. उदाहरण रचणे सोडवण्यापेक्षा कितीतरी कठीण असते.

आई किंवा बाबा तैनातीवर असताना

निघून गेल्यानंतरचे पहिले तीन आठवडे नवा कच्चा भाग हाती घेऊ नका, येत असलेल्याचा सराव फक्त चालू ठेवा. घरी राहिलेल्या पालकावर आधीच दोघांचे काम पडलेले असते. २५ मिनिटांची मर्यादा त्याच्यासाठीही आहे, आणि एखाद्या दिवशी ती १० वर आली तर आली.

फोन लागतो तेव्हा गुण विचारण्यात तो संपवू नका. मुलाने आठवड्यात सोडवलेले एक उदाहरण दोन मिनिटांत तोंडी समजावून सांगावे, आणि पलीकडच्याने एकच प्रश्न विचारावा: ‘हे असेच का?’ संपर्क अनिश्चित असेल तर निघण्यापूर्वी अंदाजाचे दहा-बारा प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहून ठेवा, आठवड्याला एक उघडायची. खोलीत किती टेनिसचे चेंडू मावतील, वर्षात आपण किती श्वास घेतो, अशा धर्तीचे. उत्तरासोबत गृहीतके लिहायची, आणि परत आल्यावर दोघांनी मिळून तपासायची.

एक खबरदारी मात्र घ्यायलाच हवी. ऑनलाइन वर्गांत, सामायिक दस्तऐवजांत किंवा शाळेच्या प्रकल्पांत तैनातीचे ठिकाण, युनिटचे नाव, परतीची तारीख घालू नका. ‘बाबा इथून किती किलोमीटरवर आहेत’ हे अंतराचे गणित मुलांना सहज सुचते, ते काल्पनिक गावांवर करा.

शाळेने काय करावे

छावणीजवळच्या शाळेत वर्षभर मुले येत-जात असतात, म्हणून प्रवेशाची चाचणी सत्राच्या सुरुवातीला एकदाच घेऊन भागत नाही. १५ मिनिटांची, वर दिलेल्या धर्तीची चाचणी कायम तयार ठेवा आणि नवे मूल आले की पहिल्या दोन आठवड्यांत घ्या. निकाल येईपर्यंत मुलाला आधीच्या शाळेतल्या पातळीवरच बसवा. नोंदी आल्या नाहीत म्हणून खालच्या गटात बसवलेले मूल बहुधा वर्षभर तिथेच राहते, कारण गट बदलायला मध्ये कोणी सवड काढत नाही. उपचारात्मक तास द्यायचा तर कोणत्या भागासाठी आणि किती आठवडे हे लिहून ठरवा. जाणाऱ्या मुलासाठीही शाळेनेच दाखल्यासोबत झालेल्या धड्यांचे एक पान जोडले तर पुढच्या शाळेचा महिना वाचतो.

नववीच्या पुढे

इथे चूक महाग पडते. बदलीची तारीख पुढे-मागे करण्याची मुभा असेल तर ती याच वर्षांसाठी राखून ठेवा. सत्र संपल्यावरची बदली आणि सत्राच्या मध्यातली, यांत गणिताच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. विषयांची रचनाही तपासावी लागते. अमेरिकेतल्या अनेक शाळांत एक वर्ष बीजगणित, एक वर्ष भूमिती, मग पुन्हा बीजगणित असा क्रम असतो, तर काही शाळांत तिन्ही दरवर्षी एकत्र चालतात. मध्येच एकातून दुसरीकडे गेलेल्या मुलाची भूमिती अर्धी सुटू शकते किंवा दोनदा होऊ शकते. भौतिकशास्त्र, रसायन आणि जीवशास्त्र दरवर्षी एकेक घेणाऱ्या शाळा आणि तिन्ही समांतर चालवणाऱ्या शाळा यांचेही तसेच.

प्रवेश घेण्याआधी नव्या शाळेला चार गोष्टी लेखी विचारा: पुढच्या दोन वर्षांचा गणिताचा क्रम, आधी घेतलेल्या विषयांना मान्यता मिळेल का, प्रात्यक्षिकांचे आधीचे गुण धरले जातील का, आणि वरच्या पातळीचे गणित व भौतिकशास्त्र तिथे शिकवले जाते का. शेवटचे उत्तर नकारार्थी असेल तर तो विषय ऑनलाइन घेता येतो, पण थेट तासांची वेळ नव्या ठिकाणच्या घड्याळानुसार कधी पडते ते आधी पाहा. रात्री अडीचचा तास कोणतेच मूल दोन आठवड्यांपेक्षा जास्त निभावत नाही. रेकॉर्डिंग बघून चालणार असेल तर शंका विचारण्याची वेगळी वेळ शिक्षकांकडून ठरवून घ्या, आणि प्रयोगांसाठी नव्या शाळेची प्रयोगशाळा आठवड्यातून एकदा वापरू देतील का, हे प्राचार्यांना प्रवेशाच्याच दिवशी विचारा.